अंड्यांचा हिशेब

सकाळी 6:10

आमच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर दिवसाचा पहिला निरोप येऊन पडलेला असतो. आधार पडताळणी राहिलेल्या मुलांची नावे अकरा वाजेपर्यंत कळवा. त्याखाली बाकीच्या शाळांचे ‘ओके सर’. मीही ओके टाकते आणि चहा ठेवते.

शाळा मालवण तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका वाडीत आहे. नाव लिहीत नाही. पुढे पैशांची गोष्ट आहे, आणि ज्यांनी दिले व ज्यांना देता आले नाहीत ती सगळी माणसे मला रोज रस्त्यात भेटतात. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथी, पट तिसाच्या आत, शिक्षक दोन, मी आणि गुरुजी. एवढ्या पटाला मुख्याध्यापकाचे पद मिळत नाही. सेवेने जुनी म्हणून मी प्रभारी. प्रभारी म्हणजे चारातले दोन वर्ग शिकवायचे आणि उरलेल्या वेळात कारकून, खजिनदार आणि गवंड्याचा मुकादम व्हायचे.

आजचा बुधवार नारळी पौर्णिमा आणि गणपती यांच्यामधला आहे. आमच्या शाळेच्या वर्गणीचे पंचांग सरकारी नाही, म्हणून हे आधीच सांगितले. शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि मासेमारी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंद असते. वह्या, छत्री, चपला हे सगळे नेमके त्या महिन्यात येते ज्या महिन्यात घरात नवा रुपया येत नाही. जूनमध्ये पालकांपुढे वर्गणीचा शब्द काढायचा नाही, हे मला कुणी प्रशिक्षणात शिकवलेले नाही. पहिल्या वर्षी काढला होता. सगळे ‘बघूया’ म्हणाले. ऑगस्टमध्ये मी काही न बोलता त्यातले अर्धे जण स्वतः आले.

सकाळी 8:40

शाळेच्या वाटेवरच्या दुकानात अंडी घ्यायची आहेत. दुकानदाराकडे ‘शाळा’ असे लिहिलेली वेगळी वही आहे. आजचे पैसे आधीच चुकते झालेले. तिसरीतल्या एका मुलीची आई बाजारात मासे विकायला बसते, ती पाटी घेऊन निघताना दुकानावर थांबून गेली. काल संध्याकाळी वाटेत भेटली तेव्हा म्हणाली होती, ‘‘बाईनू, उद्याची अंडी आमच्याकडसून. पण नाव लिवू नकात हां.’’

नाव का नको, ते मी विचारले नाही. गेल्या वर्षी तिने काही दिले नव्हते, यंदा दिले. नाव लिहिले तर गेल्या वर्षीची रिकामी ओळही दिसते. आमच्या फळ्यावर म्हणूनच फक्त वस्तू आणि रक्कम असते.

अंड्यांचे दोन ट्रे स्कूटरवर पायांपाशी ठेवून खड्ड्यांच्या रस्त्याने नेणे हे माझे एक कसब आहे. सेवापुस्तकात त्याची नोंद नाही.

सकाळी 9:50

कुलूप उघडायला चौथीतली दोन मुले माझ्या आधी हजर. शिपाई नाही, कधीच नव्हता. झाडलोट आम्ही दोघे शिक्षक आणि मोठी मुले मिळून करतो. चिऱ्याच्या भिंती, वर कौले. मागच्या खोलीत पश्चिमेच्या कोपऱ्यात पाणी आले आहे. बादली सरकवली.

ही कौले 2021 सालची. त्या वर्षी 16 मेला तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले. माड पडले, घरांची छपरे उडाली, मालवणात वीज यायला कित्येक दिवस लागले. शाळेचा मागचा अर्धा भाग उघडा पडला होता. पंचनामा झाला, प्रस्ताव गेला. पाऊस मात्र प्रस्तावासाठी थांबणार नव्हता. वाडीतल्या माणसांनी आधी स्वतःची छपरे शिवली आणि मग चार जण शाळेवर चढले. वासे एका बागायतदाराने पडलेल्या झाडांतून दिले. कौले तीन घरांतून गोळा झाली, म्हणून आमचे छप्पर तीन रंगांचे आहे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारले, ‘‘एकसारखी का नाहीत?’’ गुरुजींनी शांतपणे सांगितले, ‘‘एका घराची पुरली नाहीत, साहेब.’’

सकाळी 10:30

परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या. आजची बातमी दुसरीतल्या मुलाने स्वतः आणली: त्याच्या काकाच्या होडीला बांगडा मिळाला. मी ती वर्तमानपत्रातल्या बातमीच्या आधी वाचायला लावली.

ओट्यावर फळा आहे. डाव्या बाजूला सुविचार, उजव्या बाजूला महिन्याचा जमाखर्च. डावी बाजू रोज बदलते. उजवी बदलली की मुलाला सोडायला आलेले पालक थांबून वाचतात. गेल्या महिन्यात तिथे असे होते: गॅस सिलिंडर, खडू, झाडू, फिनेल, पाण्याच्या टाकीचा नळ, वीजबिलाचा काही भाग. एवढे वाचून कुणालाही विचारावेसे वाटेल की हा सगळा खर्च सरकार करत नाही का?

करते, पण कसे ते सांगते. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात प्राथमिक शाळेला शाळा अनुदानाचे पाच हजार यायचे, देखभालीचे वेगळे, आणि प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्य करायला वर्षाचे पाचशे. त्या पाचशे रुपयांत गुरुजींनी केलेले पुठ्ठ्यांचे घड्याळ अजून भिंतीवर आहे. 2018 पासून समग्र शिक्षा आली आणि ही वेगवेगळी अनुदाने एकत्र झाली. आता निकष पटाचा. तिसापर्यंत पट असेल तर वर्षाला दहा हजार, 31 ते 100 पट असेल तर 25 हजार. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. म्हणजे आमच्या शाळेत एकतिसावे मूल आले तर ते पंधरा हजार रुपये घेऊन येते. वाडीत जन्माला येणारी मुले हे गणित पाहून येत नाहीत. शिवाय ती रक्कम जूनमध्ये हातात पडत नाही. हप्त्यांनी येते, आणि बहुतेकदा वर्ष संपता संपता येते, तेव्हा 31 मार्चच्या आत खर्च दाखवण्याची घाई असते. उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही पावसाळ्याची ताडपत्री घेतो ती अशी.

दहा हजारांत वर्षभराची वीज, खडू, दुरुस्ती, इंटरनेट, कागद, कुलपे. इंटरनेट तर माझ्याच फोनचे. जिल्हा परिषदेची जुनी मंडळी याला ‘सादिल’ म्हणतात, किरकोळ खर्चाची रक्कम. शब्द टिकला आहे, रक्कम मात्र बऱ्याचदा दिसत नाही.

सकाळी 11:00

तिसरी-चौथी एका खोलीत, माझ्याकडे. पहिली-दुसरी गुरुजींकडे. चौथीला भागाकार दिला, तिसरीला मोठ्याने वाचायला बसवले. एका वर्गाचे कान आणि दुसऱ्याचे हात असे वाटून घेतले की दोन्ही चालतात. पावणेबारा वाजता फोन आला: ‘‘मॅडम, आधारची यादी?’’ भागाकार अर्धा राहिला.

या यादीमागे भीती आहे. 30 सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदे ठरतात, आणि पटावरचे मूल मोजले जायला त्याचा आधार क्रमांक जुळावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक असे साध्या तक्त्यात लिहिले आहे. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पदे ठरवण्याच्या, निर्णयाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेतली दुसरी नियमित जागा धोक्यात आणली. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसऱ्या जागी पंधरा हजार मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमायचे ठरले. 25 सप्टेंबर 2024 ला राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजेवर गेले त्यामागे हेही कारण होते. आमचा पट विसाच्या वर आहे, पण फार वर नाही. गणपतीत एखादे कुटुंब म्हणते, ‘‘मुंबईत खोली बघतलो,’’ तेव्हा मी मनात वजाबाकी करते.

दुपारी 12:45

जेवण.

सरकारच्या कागदावर ही प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना आहे, मुलांच्या तोंडी ‘खिचडी’. आज अंडा पुलाव आहे, तरी मुले ‘खिचडी झाली काय?’ असेच विचारतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिने हा निकष. तांदूळ केंद्र सरकारचा. बाकी डाळ, तेल, मसाला, भाजी आणि इंधन या सगळ्याला मिळून 1 मे 2025 पासून मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे. दुकानात एक अंडे सहा-सात रुपयांना मिळते. म्हणजे मुलाच्या ताटातल्या भाताशिवायच्या सगळ्या गोष्टींची किंमत एका अंड्याएवढी आहे. हा हिशेब मी मीटिंगमध्ये फळ्यावर मांडला तेव्हा एक बापई म्हणाला, ‘‘मगे अंडा नुसताच देवा, बाकी घराकडसून येतला.’’ हसण्यावारी गेले, पण तो चुकीचे बोलला नव्हता.

अंडे मुळात सरकारचेच होते. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने निर्णय केला: आठवड्यातून एकदा मुलांना अंडे, न खाणाऱ्याला केळे किंवा दुसरे फळ. पैसे राज्याचे. त्या हंगामात बुधवारची हजेरी बाकी दिवसांपेक्षा चांगली असायची. किनाऱ्यावरच्या मुलांना मासे मिळतात, मग अंड्याचे काय कौतुक, असे वरून येणाऱ्यांना वाटते. होडी किनाऱ्याला लागते तेव्हा चांगला मासा बाजारात जातो. पावसाळ्यात तर घरोघरी सुक्या बांगड्याचा तुकडा, पेज आणि लोणचे.

मग जानेवारी 2025 मध्ये नवा निर्णय आला. पाककृतींची यादी नीट लिहिलेली, पण अंडा पुलाव, तांदळाची खीर आणि नाचणी सत्त्व हे पर्यायी. अंड्यांना आणि साखरेला राज्याचा निधी नाही. शाळेला द्यायचे असेल तर ते लोकसहभागातून मिळवावे.

मी तो कागद दोनदा वाचला. सेवेत आल्यापासून लोकसहभागाचे कागद पुष्कळ पाहिले. शैक्षणिक उठाव म्हणून तर आमच्याकडे एक जुनी रीतच आहे: शाळेला काय हवे त्याची यादी गावापुढे ठेवायची, आणि कुणी घड्याळ, कुणी पाण्याचे पिंप, कुणी सतरंजी आणून द्यायची. पण ती यादी वरची असायची. शाळा चालते आहे, ती अजून चांगली व्हावी एवढ्यासाठीची. इथे पहिल्यांदाच मुलाच्या ताटातली वस्तू सरकारने उचलली आणि त्याच कागदात ती गावाकडून मागून घ्यायला सांगितले. ऐच्छिक देणगीला सरकारी निर्णयात जागा मिळाली की ती किती ऐच्छिक उरते, हा प्रश्न मी केंद्राच्या ग्रुपवर विचारला नाही. तिथे ओके सर टाकायचे असते.

तरी अंडी चालू ठेवली आहेत. पंधरवड्यातून एकदा, दर आठवड्याला जमत नाही. कधी एखाद्या मुलाच्या वाढदिवसाची, कधी बचत गटाची, कधी आज आहेत तशी बिननावाची. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत ‘तिथी भोजन’ म्हणून ही सोय आहे. घरच्या शुभ दिवशी कुणीही शाळेला जेवण किंवा गोड द्यावे. आमच्याकडे श्राद्धाच्या दिवशीही दिले जाते. मुलांना खिरीत फरक पडत नाही.

स्वयंपाक करणाऱ्या काकींना दरमहा अडीच हजार मानधन, तेही वर्षातले दहा महिने. आज त्या घरून ओले खोबरे आणि कोथिंबीर घेऊन आल्या आहेत. फळ्याच्या उजव्या बाजूला खोबऱ्याची नोंद कधी होत नाही. मी एकदा लिहायला गेले तर त्या रागावल्या. ‘‘माझ्या माडाचो नारळ, तेचो कसलो हिशेब?’’ सबंध वाडीत शाळेला सर्वांत नियमित देणगी कुणाची असेल तर ती काकींची, आणि ती देतात त्या अडीच हजारांतून.

दुपारी 2:00

पाऊस जोरात. कौलांवरचा आवाज एवढा, की दोन्ही खोल्यांत शिकवणे बंद. सगळ्यांना एकत्र बसवून चित्रे काढायला दिली. बहुतेकांनी होडी काढली.

दुपारी 3:30

शाळा व्यवस्थापन समितीची सभा. कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. आमच्याकडे महिला निम्म्याहून जास्त, कारण पुरुष समुद्रावर. खुर्च्या चारच. बाकीची मंडळी मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसली.

विषय पहिला, गणवेश. दोन गणवेशांचे मुलामागे सहाशे रुपये. 2024-25 मध्ये राज्याने सगळीकडे एकच गणवेश एकाच ठिकाणाहून शिवून पाठवायचे ठरवले. तो घोळ सगळ्यांनी पाहिला आणि अधिकार परत समितीकडे आले. तीनशेत एक जोड बसत नाही. वरचे पैसे पालक घालतात आणि त्याला कुणी वर्गणी म्हणत नाही. पाच मिनिटांत विषय संपला.

विषय दुसरा, वर्गणी. इथे तास गेला.

सुरुवात नेहमीची. एक तरुण बाप, तारकर्लीला पर्यटकांच्या बोटीवर काम करणारा, म्हणाला, ‘‘सरकारची शाळा मां? मगे पैसे आमी कित्याक देवचे?’’ प्रश्न बरोबर आहे, आणि तो दर वर्षी कुणीतरी विचारावा असे मला वाटते. ज्या वर्षी कुणी विचारणार नाही त्या वर्षी आपण फी घ्यायला लागलो असे समजावे. मागून एक आजी म्हणाली, ‘‘जत्रेची वर्गणी देतास मां? थंय इचारलास काय, सरकार खंय गेला म्हणान?’’ हशा झाला. पण दोघांचेही खरे होते. देवळाची पट्टी घरटी ठरलेली असते आणि ती चुकवायची नसते. शाळेचे तसे होऊ नये, म्हणूनच मी इतकी जपते.

मग अध्यक्षांनी सूचना मांडली की दर मुलामागे महिन्याला पन्नास रुपये सारखे ठरवू, रोजची कटकट नको. अध्यक्ष चांगले गृहस्थ आहेत, होमस्टे चालवतात. मी नाही म्हटले. कारण एक, कायदा. आठवीपर्यंतच्या सरकारी शाळेत कसलीही सक्तीची रक्कम घेता येत नाही आणि प्रवेशाच्या वेळी देणगी घेणे तर कलम 13 प्रमाणे गुन्हा. कारण दोन, पन्नास रुपये ठरले की तीन घरे देऊ शकणार नाहीत, आणि ती कोणती ते या खोलीतल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या घरातले मूल दुसऱ्या दिवशी ‘पोटात दुखता’ म्हणून घरी राहील. विसाच्या आसपास घुटमळणाऱ्या पटाला मूल गमावणे परवडत नाही. हे मी मोठ्याने बोलले नाही.

माझी एक मैत्रीण इंग्लंडात असते. तिच्या मुलीच्या सरकारी प्राथमिक शाळेकडूनही सहलीसाठी, साहित्यासाठी स्वेच्छेने पैसे द्या अशी पत्रे येतात. तिथल्या कायद्यात मात्र असे आहे की पालकाने दिले नाहीत म्हणून त्याच्या मुलाला कशातूनही वगळता येत नाही, आणि पत्रात तसे स्पष्ट लिहावे लागते. हे मी सभेत सांगितले. बोटीवरचा बाप म्हणाला, ‘‘थंयसर पण सरकार पैसे देयना?’’ त्याला जरा बरे वाटलेले दिसले.

शेवटी तोडगा निघाला तो एका आजोबांकडून. जन्म रापणीत, किनाऱ्यावरून मिळून जाळे ओढण्यात, गेला त्यांचा. ‘‘रापणीक जेचो जसो हात, तेचो तसो वाटो. शाळेकव तसाच करा. पैसेवाल्यान पैसे देवचे, बाकीच्यांनी एक दिवस कौला चाळूक येवचा.’’ ठराव लिहिला: रक्कम ठरणार नाही, नाव लागणार नाही, काम आणि वस्तू पैशांच्या बरोबरीने धरायच्या, हिशेब बाहेर फळ्यावर. मागच्या सभेत हेच ठरले होते, जवळपास याच शब्दांत. दर वर्षी ते पुन्हा ठरवावे लागते.

विषय तिसरा, वाडीतल्या चाकरमान्यांच्या मुंबईतल्या मंडळाला पत्र. गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा शाळेत बोलवायचे. ही वाट फार जुनी. मालवणच्या टोपीवाला हायस्कूलवर ज्यांचे नाव आहे ते अनंत शिवाजी देसाई मुंबईत टोप्यांच्या व्यापारात उभे राहिलेले. तेवढे मोठे हात क्वचित, पण गिरणगावातल्या गावाच्या खोल्यांतून वर्गणी काढून गावच्या शाळेला घंटा, कपाट, खोली देणारी मंडळे या जिल्ह्यात गावोगाव होती. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खोल्या गेल्या, मंडळांचे वय झाले. आता आमच्या मंडळात जे आहेत त्यांची नातवंडे विरार-डोंबिवलीच्या इंग्रजी शाळांत. ते अजूनही देतात, पण टीव्ही देतात. आम्हाला छपराचे पत्रे हवे असतात. टीव्हीवर नाव लिहिता येते, पत्र्यावर लिहिले तरी ते वरून फक्त कावळ्यांना वाचता येणार.

माझी खरी तक्रार देणाऱ्यांवर नाही. देणगी पैसा असेल तिथेच जाते, ती गरज शोधत फिरत नाही, एवढे मला म्हणायचे आहे. ज्या वाडीचे मंडळ भक्कम तिथे रंगरंगोटी, संगणक, बोलक्या भिंती. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धेत लोकसहभागाला गुण, राज्यात पहिला आल्यास 51 लाखांचे बक्षीस. ज्या वाडीत देणारेच नाहीत तिला देणगीही नाही आणि गुणही नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये शाळा दत्तक योजना आली. ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायला 50 लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी, आणि शाळेच्या नावाला देणगीदाराचे नाव जोडता येते. त्याच महिन्यात वीसहून कमी पटाच्या हजारो शाळा मिळून समूह शाळा करण्याची चर्चा सुरू होती. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की आमच्यासारख्या शाळेने कुठे उभे राहायचे ते कळत नाही.

सभेत एका आईने 2023 ची आठवण काढली. त्या जूनमध्ये आंतरजिल्हा बदल्यांनी सिंधुदुर्गातले बरेच शिक्षक आपापल्या जिल्ह्यांत गेले, आणि कित्येक शाळांत शिकवायला माणूस उरला नाही. आजूबाजूच्या वाड्यांतल्या पालकांनी डीएड झालेल्या स्थानिक मुलींना स्वतःच्या खिशातून थोडेफार देऊन वर्ग चालवले. ‘‘परत तसा झाला तर आपण पण देवया,’’ ती म्हणाली. मान हलवणारे बरेच होते. मी गप्प राहिले. खडू, अंडी, कौले यांचे पैसे मी मोकळेपणी घेते. शिक्षकाचा पगार पालकांनी वर्गणीतून भरायचा हे मला पटत नाही, आणि तरी त्या वर्षी मी आमच्या शेजारच्या शाळेतल्या पालकांच्या जागी असते तर मीही पहिले पाकीट काढले असते. इतिवृत्तात मी लिहिले: ‘यावर चर्चा झाली.’

जिल्हा परिषदेच्या सदस्याला भेटावे असे कुणीतरी सुचवले. 2022 नंतर बराच काळ तिथे प्रशासक होता, सदस्यच नव्हते, याची आठवण गुरुजींनी करून दिली.

सायंकाळी 5:15

मुले गेली. गुरुजी आणि मी चहा घेतला. उद्या कोण कौलांवर चढणार ते ठरले. आजोबा स्वतः यायचे म्हणताहेत, त्यांना शिडी धरायला ठेवायचे.

घरी जाताना एका घरी डोकावले. पहिलीतली मुलगी चार दिवस आली नव्हती. ताप होता, उतरला आहे. तिची आई आधी गोंधळली, मग आत जाऊन पिशवीत शंभराची नोट घेऊन आली. मी वर्गणीला आले असे तिला वाटले होते. नोट परत तिच्या हातात दिली आणि मुलीला सोमवारी नक्की पाठवायला सांगितले. सायकलवरून उतरलेला तिचा नवरा तोवर दारात आला होता. ‘‘काम काय असला तर सांगा, बाई,’’ म्हणाला. त्याला रविवारी मागच्या खोलीच्या वाशांना डांबर मारायला बोलावले.

रात्री 9:00

वही. जमा: अंडी, बिननावाची. नगदी पाचशे, अध्यक्षांकडून, सभेनंतर हळूच. खर्च: झेरॉक्स, आधारच्या याद्यांची. पोषण आहाराची आजची संख्या दुपारीच मोबाइलवर भरली होती, ती गेली की नाही ते पाहिले. गेली नव्हती. परत पाठवली.

पाचशे रुपयांची पावती केली आणि नावाच्या जागी ‘पालक’ लिहिले. लेखापरीक्षणाला आलेले एक जण मागे म्हणाले होते की नावाशिवाय पावती ग्राह्य नाही. त्यामुळे पावतीपुस्तकाच्या माझ्या प्रतीवर नाव असते आणि फळ्यावर नसते. दोघांचेही समाधान होते.

आता राहिला गॅस. सिलिंडर परवापर्यंत पुरेल. अध्यक्षांच्या पाचशेत दुसरे येत नाही. बचत गटाच्या ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, निम्मे पैसे गट देईल, पण बिल शाळेच्या नावाने हवे. तसे बिल करून देता येईल का ते उद्या एजन्सीत विचारायचे आहे.